देवी, लस आणि आमचे दंड

गेल्या पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या उजव्या गालावर एक बारीक फोड दिसला. भिजवलेल्या साबुदाण्याएवढा, तसाच पांढुरका आणि चकचकीत, मध्ये सुईच्या टोकाने दाबल्यासारखी खळी. ताप नव्हता, दुखत नव्हते, खाजही क्वचितच. पंधरा दिवसांत त्याच्या शेजारी चार उठले. महिन्याभरात हनुवटीपासून डोळ्याच्या खालपर्यंत मोजून अकरा झाले.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. घडलेल्या गोष्टीमागचे कारण शोधा, ऐकीव उत्तरावर थांबू नका, असे मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पण स्वतःच्या लेकराच्या गालावर कारण न कळणारे फोड उठले तेव्हा हे शिक्षण पहिल्या फटक्यालाच गळून पडले, हे कबूल केले पाहिजे. त्या कबुलीतूनच हा लेख निघाला आहे.

फोड पाहून प्रत्येकाने आपापले कारण सांगितले. शेजारच्या बाईंनी उष्णता सांगितली, दुधवाल्याने किडा लागल्याचे सांगितले. स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने हसत हसत, 'तुमच्याकडचं देवाचं काही राहिलं असेल बघा,' असे म्हटले. 'तुमच्याकडचं' या शब्दात त्याला काय म्हणायचे होते ते मला समजले आणि मला समजले हे त्यालाही समजले. मुलगी ज्या बालवाडीत जाते तिथल्या बाईंनी मला दारातच थांबवले. बरे होईपर्यंत पाठवू नका म्हणाल्या, आणि मग आवाज खाली करून विचारले, 'आंघोळ रोज घालता ना हो?'

वरवर हा काळजीचा प्रश्न आहे. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकलले आणि वर घाणेरडे म्हटले, त्यांच्या घरात तो काळजीचा प्रश्न म्हणून पोचत नाही. मी काही बोलले नाही. घरी आले, मुलीला मोरीत बसवले आणि साबण लावून खरखरीत टॉवेलने तिचा गाल घासला. ती ओरडत होती आणि मी घासत होते. दोन फोड फुटले, रक्त आले. त्या क्षणी मी मुलीचा आजार धूत नव्हते, बालवाडीच्या बाईंचा प्रश्न धूत होते. हे मला नंतर कळले. पुढच्या आठवड्यात फोड अकराचे सोळा झाले.

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून दोन मिनिटे पाहिले आणि नाव सांगितले : मोलस्कम कंटॅजिओसम. एका विषाणूमुळे होणारे हे फोड लहान मुलांत सर्रास आढळतात. त्वचेला त्वचा लागून, एकच टॉवेल वापरून ते पसरतात. खाजवले किंवा घासले की तोच विषाणू शेजारच्या कातडीत पेरला जातो. बहुतेक मुलांत सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षात आपोआप जातात आणि सहसा वणही राहत नाही. डोळ्याच्या कडेला आले, लाल होऊन पिकले किंवा फारच वाढले तर मात्र दाखवायचे. स्वच्छतेचा याच्याशी काही संबंध आहे का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, 'कलेक्टरच्या मुलांनाही होतात.' उठताना त्यांनी सहज सांगितले, 'देवीच्या विषाणूच्या कुळातलाच आहे हा, पण गरीब बिचारा.'

ते वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आले. घरी आजी होती.

* * *

माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. लहानपणी मला वाटायचे की सगळ्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे असेच असतात. तिचा जन्म निजामाच्या राज्यातला. तिला साल सांगता येत नाही, पण देवी आल्या ते रझाकाराचे वर्ष होते एवढे पक्के आठवते. म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले त्याच्या मागे-पुढे. ती सहा-सात वर्षांची होती. तिच्यापाठचा भाऊ तीन वर्षांचा होता. दोघांना एकाच आठवड्यात ताप भरला. मग अंगभर फोड उठले, तोंडावर सगळ्यांत दाट. ती वाचली, भाऊ गेला.

तिने सांगितलेले मी तेव्हाही अनेकदा ऐकले होते, पण या वेळी वही घेऊन बसले. दाराला लिंबाचा डहाळा बांधला होता. लेकरांना लिंबाच्या पाल्यावर निजवले होते. घरात फोडणी द्यायची नाही, तळण करायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. रोग्याला 'आई आली' म्हणायचे आणि तिला नमस्कार करायचा. ताप वाढला तर आई रागावली, उतरला तर आई प्रसन्न झाली. भाऊ गेला तेव्हा रडायचेही नाही, कारण आई घेऊन गेली होती.

पण तिच्या मनात सलत राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. मरीआईचे ठाणे महारवाड्याच्या कडेला होते आणि तिची सेवा वाड्याकडे होती. खरे तर मरीआई मुख्यतः पटकीची आणि शीतला देवीच्या रोगाची. पण आजीच्या गावाला हा फरक ठाऊक नव्हता. गावातही लेकरे आजारी पडली तेव्हा गावाने ठरवले की महारवाड्याने आईचे काहीतरी चुकवले. माझ्या पणजीला, जिचे तीन वर्षांचे लेकरू नुकतेच मातीत गेले होते, भाकर मागायला गेल्यावर दारादारांतून हे ऐकावे लागले. कित्येक घरांनी भाकर बंद केली. म्हणजे रोग तिच्याच घरात, मरण तिच्याच घरात आणि गुन्हेगारही तीच.

मी बालवाडीच्या दारात उभी होते तेव्हा माझ्या मागे ही बाई उभी होती.

* * *

फोडाचे नाव काय, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. आपल्याकडच्या जुन्या वैद्यक ग्रंथांत या रोगाला मसूरिका म्हटले आहे, कारण फोड मसुरीच्या डाळीसारखे दिसतात. माधवनिदानात मसूरिकेवर स्वतंत्र प्रकरण आहे. दहाव्या शतकाच्या आगेमागे इराणातल्या अल-राझी या वैद्याने देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत हे लक्षणांसह लिहून ठेवले. फोडाकडे नीट पाहणारे आणि एका फोडापासून दुसरा वेगळा करणारे डोळे फार पूर्वीपासून होते, हे यावरून दिसते. पण ग्रंथ वैद्याच्या घरात होता आणि वैद्याचे पाऊल महारवाड्यात पडत नव्हते. डाळीवरून पडलेले नाव पोथीत राहिले, आमच्या वाट्याला देवी हे नाव आले.

'देवी' या एका शब्दाने मराठीत तीन कामे केली. तोच शब्द दैवताचा, तोच रोगाचा आणि पुढे तोच लसीचाही. 'देवी आल्या' म्हणजे रोग झाला, 'देवी काढल्या' म्हणजे लस टोचली. रोगालाच देवता म्हटले की त्याचे कारण विचारणे हा अपमान ठरतो आणि कारण विचारायचे नसले की उरतो तो फक्त दोष कुणाचा हा प्रश्न. तो दोष कुणाच्या दारात टाकायचा, हे गावाच्या रचनेने आधीच ठरवून ठेवलेले असते.

तथापि, इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पणजीने जे केले ते सगळेच निरर्थक नव्हते. रोग्याला वेगळे निजवणे, गारवा आणि शांतता राखणे, खाजवू न देणे, लिंबाच्या डहाळीने येणाऱ्याला दारातच सावध करणे, यात पिढ्यान्पिढ्यांच्या बायांचे निरीक्षण होते. देवीच्या नावाखाली त्या शुश्रूषा करत होत्या. अंधश्रद्धेवर टीका करताना आपण या बायांनाच अडाणी म्हणून मोकळे होतो, ते मला मान्य नाही. त्यांच्याकडे पाहणारी नजर होती. जे त्यांना मिळू दिले गेले नाही ते म्हणजे त्या नजरेपुढचे ज्ञान.

आणि हे ज्ञान वरूनच खाली झिरपते, हा जो समज आहे, तोही देवीच्या रोगाच्या इतिहासात टिकत नाही. त्यासाठी अमेरिकेत जावे लागेल.

* * *

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात अठराव्या शतकाच्या आरंभी ओनेसिमस नावाचा एक आफ्रिकी गुलाम होता. १७०६ साली चर्चच्या मंडळींनी तो आपल्या कॉटन मेदर या धर्मोपदेशकाला भेट म्हणून दिला. मेदरने त्याला तुला देवी येऊन गेल्या आहेत का, असे विचारले. त्याने सांगितले की आमच्या मुलखात रोग्याच्या फोडातला थोडा द्रव निरोगी माणसाच्या कातडीत टोचतात, मग सौम्य आजार होतो आणि पुन्हा देवी येत नाहीत. त्याने दंडावरचा वणही दाखवला. तुर्कस्तानात, चीनमध्ये आणि आपल्याकडे बंगालातही अशी टोचणी होती, पण बॉस्टनला ती कळली ती एका गुलामाच्या तोंडून.

१७२१ साली बॉस्टनमध्ये देवीची साथ आली. मेदरच्या आग्रहावरून झॅब्डिएल बॉइल्स्टन या एकाच डॉक्टरने टोचणी करून पाहण्याचे धाडस केले. पहिल्यांदा टोचले ते स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला आणि घरातल्या दोन गुलामांना. त्या गुलामांतला एक अडीच वर्षांचा होता. शहर खवळले. गुलामाच्या सांगण्यावर गोऱ्या माणसांनी विश्वास ठेवायचा काय, हा त्या संतापातला मोठा भाग होता. साथ संपली तेव्हा हिशेब असा निघाला की रोग झालेल्या सुमारे ५,९०० लोकांपैकी ८४४ मेले, म्हणजे शंभरात चौदा. टोचून घेतलेल्या सुमारे २४० जणांपैकी ६ मेले, म्हणजे शंभरात अडीच. ज्याला माणूस मानले जात नव्हते त्याचे म्हणणे आकड्यांनी खरे ठरले.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. आपल्या चळवळीला त्या दूरच्या माणसांशी असलेले नाते तेव्हापासून ठाऊक आहे. त्या नात्यात ओनेसिमसचे नावही घेतले जावे, असे मला वाटते. शाळेच्या पुस्तकात मी जेन्नर शिकले. ओनेसिमस मला कुणी शिकवला नाही.

* * *

एडवर्ड जेन्नरचे श्रेय मोठे आहे आणि ते कमी करण्याचे कारण नाही. ज्या गवळणींना गाईच्या आचळावरच्या फोडांची लागण झालेली असते त्यांना देवी येत नाहीत, हे खेड्यातल्या लोकांचे म्हणणे त्याने तपासायला घेतले. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस घेऊन त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. जेम्स हा जेन्नरच्या माळ्याचा मुलगा. पुढे त्याला खऱ्या देवीची लस टोचून पाहिली, तरी रोग झाला नाही. माळ्याला नाही म्हणता आले असते का, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

आता या लसीतली एक अडचण लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो. आपल्या भाषेत लस म्हणजे मुळात फोडातून पाझरणारा पातळ द्रव. त्या काळी तो बाटलीत टिकत नसे. उन्हाने, लांबच्या प्रवासाने मरून जाई. टिकवायची एकच खात्रीची जागा होती, ती म्हणजे माणसाचा दंड. एका मुलाला टोचायचे, आठव्या दिवशी त्याच्या दंडावर फोड भरला की त्यातली लस काढून दुसऱ्याला टोचायची, त्याच्याकडून तिसऱ्याला. साखळी एकदा तुटली की संपले. म्हणून अशी मुले लागत, ज्यांच्या दंडातून लस काढताना कुणी हरकत घेणार नाही.

स्पेनने १८०३ च्या ३० नोव्हेंबरला डॉक्टर बाल्मिस याच्या हाताखाली एक जहाज अमेरिकेकडे पाठवले. त्यात २२ अनाथ मुले होती. समुद्रावर दर आठ-दहा दिवसांनी दोन-दोन मुलांना टोचत लस पलीकडच्या किनाऱ्याला पोचवली गेली. आईबाप नसलेली मुलेच निवडली यात नवल नाही.

हिंदुस्थानात लस आली ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, अशीच दंडोदंडी. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस लागली. या देशात यशस्वी लस टोचली गेलेली ती पहिली व्यक्ती. तिच्याविषयी फार थोडे लिहून ठेवलेले आहे. ती मिश्र वंशाची होती आणि स्वभावाने फार शांत होती, म्हणून तिच्या दंडातून लस काढणे साधले, एवढेच डॉक्टरांच्या लिहिण्यातून कळते. तिच्या दंडातून मुंबईतल्या पाच मुलांना टोचले आणि तिथून लस पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला, मद्रासला गेली. म्हणजे आज या देशात कुणी लसीचा इतिहास लिहायला बसला तर त्याला एका गरीब पोरीच्या दंडापासून सुरुवात करावी लागते.

आणि इथे जात आडवी आली. दंडोदंडी लस म्हणजे एकाच्या अंगातला द्रव दुसऱ्याच्या अंगात. वरच्या जातीची माणसे विचारू लागली की हा द्रव कोणाच्या पोराच्या दंडातला? खालच्या जातीच्या मुलाच्या फोडातली लस आमच्या मुलाला नको, अशा तक्रारी ब्रिटिश काळातल्या लसीकरणाच्या अहवालांत वारंवार येतात. आणि त्याच अहवालांत हेही येते की आपल्या मुलाच्या दंडातून लस काढू द्यायला वरच्या जाती तयार नसत. त्यामुळे टोचणारे ती गरिबांच्या, खालच्या जातींच्या मुलांकडून घेत, कधी चार पैसे देऊन, कधी दटावून. आठव्या दिवशी पोराच्या दुखऱ्या दंडाला पुन्हा चीर देताना आयांचा जीव तुटे आणि त्या पोरे लपवत. सरकारी कागदांत त्याला अज्ञान म्हटले आहे. ज्या आईला आपल्या पोराचा दंड दुसऱ्यांसाठी चिरला जातो एवढेच दिसत होते, तिच्या लपवण्याला मी अज्ञान म्हणणार नाही. शिवाय या पद्धतीत एकाच्या रक्तातून दुसऱ्याला उपदंशासारखा रोग जाई, हे डॉक्टरांनाही पुढे मान्य करावे लागले. इंग्लंडमध्ये दंडोदंडी लस १८९८ साली कायद्याने बंद झाली. वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली तेव्हा कुठे ही वेठ सुटली.

स्पर्शाचा विटाळ मानणारा समाज ज्या मुलांची सावली टाळत होता, त्याच मुलांच्या दंडांनी लस जिवंत ठेवली. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. चातुर्वर्ण्याने आमच्याकडून घेतलेल्या सेवांची यादी आपण नेहमी करतो. मेलेली जनावरे, सांगावे, वेशीची राखण, सगळे त्या यादीत आहे. त्यात हे दंडही लिहून ठेवले पाहिजेत.

* * *

पुढचा इतिहास पुष्कळांना आठवत असेल, निदान त्यांच्या वडीलधाऱ्यांना. १९६२ साली देशात देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७३ पासून कर्मचारी देवीच्या मुलाचे चित्र असलेले कार्ड हातात घेऊन घरोघर विचारत हिंडले की असे फोड कुणाच्या तोंडावर पाहिलेत का. १९७४ साली बिहार-उत्तर प्रदेशाकडे मोठी साथ आली. त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ८८ हजार रोगी आणि ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या प्रत्येक घराला टोचायचे, या पद्धतीने साखळी तोडली गेली. २४ मे १९७५ रोजी आसामात करीमगंज इथे देशातली शेवटची रोगी नोंदली गेली. ती एक भिक्षेकरी स्त्री होती. रोगी कळवणाऱ्याला एक हजार रुपये बक्षीस, अशा ओळी आपल्याकडच्या भिंतींवर गेरूने रंगवल्या होत्या आणि बक्षीस घ्यायला कुणी उरले नव्हते. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवीचा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर केले.

ज्या रोगापुढे माझ्या पणजीला रडायचीही परवानगी नव्हती, तो कुठल्याही देवीला नवस न बोलता गेला. तो गेला, कारण शेवटच्या टप्प्यात प्रत्येक दार सारखे मोजावे लागले. पाटलाचा वाडा टोचून महारवाडा सोडला असता तर रोग महारवाड्यात जगला असता आणि पुन्हा वाड्यात आला असता. विषाणूला जात कळत नाही, म्हणून त्याला हरवायला निघालेल्यांनाही काही काळ ती बाजूला ठेवावी लागली. आजी सांगते, पूर्वी देवी काढणारा यायचा तो चावडीवर बसायचा आणि आमची पोरे शेवटी लांबून बोलवायचा. पण त्या दिवसांत मात्र एक पोरगा थेट आमच्या ओट्यावर येऊन बसला, पाणी मागून प्याला आणि मला देवी येऊन गेल्यात म्हटले तरी टोचून गेला. तिला लस आठवत नाही, ते पाणी आठवते.

त्याआधीच, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या वर्षांत, तिच्या सासरच्या वाड्याने मरीआईचा तांदळा उचलून नदीत सोडला होता. सासू घाबरली होती. लेकरांना काही झाले तर? काही झाले नाही, असे आजी सांगते आणि वर म्हणते, 'झालं असतं तरी तिच्यामुळं झालं नसतं.' बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांचा अर्थ इतक्या थोड्या शब्दांत मी कुठल्या परिसंवादात ऐकलेला नाही.

* * *

आता पुन्हा माझ्या मोरीकडे येते. मी मुलीला घासले त्या दिवशी आजी दारात उभी होती. ती म्हणाली, 'लेकराचं तोंड का घासायलीस? घाण हाय का ते?' मी उत्तर दिले नाही. आज देते. घाण नव्हती. तीन पिढ्या आमच्या अंगावर फेकलेला एक शब्द होता आणि शिकूनसवरून मी तो खरा मानल्यासारखी वागले. आपल्यातल्या शिकलेल्यांची ही एक व्यथा आहे. मरीआई आपण नदीत सोडली, पण 'आंघोळ घालता ना' या प्रश्नापुढे आपण अजून मान खाली घालतो. अंगात येणाऱ्या देवीपेक्षा ही लाज काढणे अवघड आहे.

डॉक्टरीणबाईंकडून मी दोन ओळींची चिठ्ठी आणली. या फोडांसाठी मुलाला शाळेबाहेर ठेवण्याची गरज नाही, फोड झाकता येत असेल तिथे झाकावा, टॉवेल वेगळा ठेवावा. बालवाडीच्या बाईंना ती वाचून दाखवली आणि शांतपणे सांगितले की आंघोळ मी रोज घालते, पण न घालणाऱ्या आईच्या पोराला हा रोग झाला असता तरी तुम्ही त्याला दारातून परत पाठवायचे नव्हते. त्या ओशाळल्या. वाईट बाई नाहीत त्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारले की वर्गात आणखी दोघांना असेच आहे, त्यांच्या आयांना काय सांगू? मी त्या आयांशी बोलले. एकीने फोडांवर चुना लावला होता, दुसरीने एका बाबाचा अंगारा. दोघींनाही कुणीतरी घरातच सांगितले होते की हे तुझ्यामुळे झाले.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. कारण न कळलेल्या दुखण्याचा दोष आजही आधी आईवर आणि मग जातीवर येतो. अशा वेळी अंधश्रद्धेवर भाषण उपयोगी पडत नाही. त्या बाईच्या शेजारी बसून फोड पाहावा लागतो, त्याचे नाव शोधावे लागते, तिला डॉक्टरपर्यंत न्यावे लागते आणि तुझा दोष नाही हे तिला ऐकू येईल असे सांगावे लागते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. आपल्याला तेवढे करायचे नाही, फक्त पोराला शिवायला घाबरायचे नाही.

फाल्गुनात मुलीच्या गालावरचे फोड एकेक करून सुकले. शेवटचा डोळ्याखालचा होता, तोही गेला. मी ज्या जागी घासून कातडी सोलली होती तिथे मात्र एक बारीक फिकट डाग राहिला आहे. विषाणूचा नाही, माझा आहे.

परवा ती आजीच्या मांडीवर बसून तिच्या तोंडावरचे खड्डे बोटाने मोजत होती. मग माझ्या आईच्या दंडावरचे देवी काढल्याचे दोन गोल वण तिने पाहिले, मग माझी बाही वर केली. माझ्या दंडावर क्षयाच्या लसीचा एक वण आहे, देवीचा नाही. माझ्या जन्मापूर्वीच तो रोग संपला होता. तिने विचारले, 'तुला का नाही?' उत्तर सांगायला मी ओनेसिमसपासून सुरुवात केली.